लेटमार्क

बाबांचा डोंबिवलीहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मिळाली का गं गाडी?" मी घरी असले, सुट्टीवर असले, अगदी स्वयंपाक करत असले तरी हाच प्रश्न. बाबांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण माणसाची खुशाली त्यांच्या लेखी अजून गाडीवरच ठरते. गाडी मिळाली म्हणजे दिवस बरा जाणार.

त्यांच्या ऑफिसात लेटमार्कची पद्धत होती. हा शब्द मी इथल्या मैत्रिणींना समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि हरले. ठरलेल्या वेळेनंतर मस्टर टेबलावरून उचलून साहेबांच्या केबिनमध्ये जायचं. मग सही करायला आत जावं लागे आणि नावापुढे लाल शाईची खूण पडे. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा कापली जाई. महिनाअखेरीला आई विचारायची, "किती झाले?" बाबा बोटं दाखवायचे. दोन बोटं दिसली की उरलेले दिवस घरात सकाळी कुणी मोठ्याने बोलत नसे.

त्यात एक सोय मात्र होती. पावसात रुळांवर पाणी भरलं आणि मध्य रेल्वेच कोलमडली, तर ऑफिस लेटमार्क लावत नसे. 'गाड्या बंद होत्या' एवढं सांगितलं की पुरे. साहेबही त्याच गाड्यांनी यायचे. उशीर सगळ्यांचा मिळून असायचा, त्यामुळे तो कुणा एकाचा नसायचा.

हे सगळं डोक्यात घेऊन मी झिंडेलफिंगेनला आले.

आपल्या अंकाच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना हे गाव नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा जावयाच्या कंपनीमुळे माहीत आहे. श्टुटगार्टच्या नैर्ऋत्येला, साधारण पासष्ट हजार वस्तीचं गाव. इथला मोटारींचा कारखाना १९१५ साली सुरू झाला आणि आज तिथे तीस हजारांहून जास्त माणसं काम करतात. मर्सिडीजची एस क्लास इथे तयार होते. पुण्याहून, पिंपरी-चाकणहून येणारी आपली बहुतेक मंडळी याच गावाच्या किंवा शेजारच्या ब्योब्लिंगेनच्या आसऱ्याला येतात. १९७०च्या दशकात या गावाकडे कराचा इतका पैसा आला, की रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे त्यांनी कारारा संगमरवरात बसवले. पाहुणे आले की आम्ही त्यांना मार्टिन्सकिर्शंं हे नऊशे वर्षांहून जुनं चर्च दाखवतो, लाकडी चौकटींची जुनी घरं दाखवतो आणि मग हे संगमरवरी पट्टे. मुंबईहून आलेली माझी मावशी त्या पट्ट्यावर चप्पल काढू का, असं विचारत होती.

अशा मोटारींच्या गावात मोटार न चालवणारी मी एक. गाडी आहे, पण ती नवऱ्याला लागते. भारतातलं लायसन्स इथे सहा महिनेच चालतं. त्यानंतर लेखी आणि चालवण्याची परीक्षा नव्याने द्यायची, आणि त्या काळात माझी दुसरीच परीक्षा चालू होती. मी अडतिसाव्या वर्षी परिचारिकेचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घेत होते. ते संपलं आणि २०२३च्या शरद ऋतूत मला श्टुटगार्टच्या फायहिंगेन भागात एका वृद्धनिवासात नोकरी लागली. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ. या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते आणि कारण सांगावं लागत नाही.

आमचं घर माइशिंगेनला. हे पूर्वी वेगळं गाव होतं, १९७१ पासून झिंडेलफिंगेनचा भाग आहे. इथून एस ६० ही लोकल जाते. श्टुटगार्टची एस-बान १९७८ साली सुरू झाली, पण आमच्या या फाट्यावर ती यायला बरीच वर्षं लागली. फाटा पहिल्या महायुद्धाच्या काळातला. १९७०च्या सुमारास त्याच्यावरची प्रवासी गाडी बंद झाली आणि चाळीसेक वर्षं तिथून मुख्यतः मालगाड्या धावल्या. २०१० मध्ये ब्योब्लिंगेनहून माइशिंगेनपर्यंत आणि २०१२ च्या डिसेंबरात पुढे रेनिंगेनपर्यंत लोकल सुरू झाली. ती नसती तर मी ही नोकरी घेऊच शकले नसते.

रस्ता सोपा आहे. माइशिंगेन, झिंडेलफिंगेन, ब्योब्लिंगेन. तिथे जिना उतरून, भुयारातून पलीकडे जाऊन एस १ पकडायची. मग गोल्डबेर्ग, त्यानंतर बराच वेळ दोन्ही बाजूंना नुसतं जंगल, मग रोर आणि फायहिंगेन. बदलायला मिळणारी मिनिटं धरून अर्धा-पाऊण तास. डोंबिवली ते व्ही.टी. फास्ट लोकलने सव्वा तास लोंबकळत जाणाऱ्या माणसाच्या मुलीला हा प्रवास म्हणजे सहलच होती. बसायला जागा, खिडकी, आणि सगळ्या जर्मनीत चालणारा एक पास. तो मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये ५८चा झाला आणि २०२६ पासून ६३चा.

सकाळची पाळी सव्वासहाला सुरू व्हायची. मी वेळापत्रक काढून बसले आणि बरोबर गणित केलं. अमुक गाडी मला सहाला काही मिनिटं कमी असताना फायहिंगेनला सोडते. दहा मिनिटं चालणं, पाच मिनिटं कपडे बदलणं. पाच मिनिटं हातात उरतात. जर्मनीत पाच मिनिटं म्हणजे भरपूर, असं मला वाटत होतं. भारतातल्या नातेवाइकांना तर अजूनही वाटतं की इथल्या गाड्यांवर घड्याळं लावतात. त्यांना मी आता सांगते, की इथे लांब पल्ल्याची गाडी सहा मिनिटांच्या आत आली तर ती वेळेवर धरतात, आणि तशी धरूनही २०२४ मध्ये वेळेवर आलेल्या गाड्या ६२.५ टक्केच होत्या. लोकलचं प्रमाण याहून बरं असतं, पण घड्याळ लावण्याइतकं नाही.

सव्वासहाला आमच्याकडे युबरगाबे होते. रात्रपाळीची परिचारिका दिवसपाळीच्या हाती मजला सोपवते. कुणाला झोप लागली नाही, कुणाची साखर उतरली, कुणी पहाटे उठून कोट घालून दारात उभं होतं, ते सगळं सांगते. मजल्यावर प्रशिक्षित परिचारिका एक तरी असलीच पाहिजे, हा नियम. त्यामुळे मी आत पाऊल टाकल्याशिवाय तिला बाहेर पाऊल टाकता येत नाही. माझी रात्रपाळीची सहकारी एकटीने मुलगा वाढवणारी. मुलगा आठ वर्षांचा. रात्री तिची आई त्याच्याजवळ झोपायची आणि पहाटे स्वतःच्या कामाला निघून जायची. साडेसातला मुलगा शाळेला निघतो, त्याच्या आधी हिला घरी पोचायचं असायचं. तिचं घर कामापासून पंचवीस मिनिटांवर. हे सगळं मला पहिल्याच आठवड्यात माहीत होतं. पण माहीत असणं आणि ध्यानात असणं यात फरक आहे.

नोव्हेंबरात एका रात्री वादळ झालं. माझी पहिली गाडी व्यवस्थित आली. ब्योब्लिंगेनला उतरून पलीकडे गेले, तर फलाटावर नेहमीपेक्षा जास्त माणसं. फलकावर आधी दहा मिनिटं उशीर, मग वीस, मग गाडीच्या पुढे आडवी रेघ. जंगलातल्या भागात रुळांवर झाड पडलं होतं.

मी काय केलं? उभी राहिले. डोंबिवलीच्या सवयीने फलकाकडे बघत उभी राहिले. पाच मिनिटांनी काहीतरी येईल, मग फोन कशाला? प्रोबेत्साइट चालू आहे, पहिल्याच महिन्यात 'उशीर होतोय' असं कशाला सांगायचं? फोन हातात घेऊन मी पंचवीस मिनिटं घालवली. शेवटी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन केला. मग अनोळखी दोघांबरोबर टॅक्सी केली आणि सात वाजून दोन मिनिटांनी मजल्यावर पोचले. सत्तेचाळीस मिनिटं उशीर.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खोलीवार सगळं नीट सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. सांगताना तिचा कोट अंगात होता. सव्वासातला ती गेली. त्या दिवशी तिचा मुलगा एकटा उठला, एकटा आवरून, न खाता शाळेला गेला आणि दार नुसतंच ओढून गेला. हे मला तिने नाही, दुसरीने सांगितलं, आणि तेही दोन दिवसांनी.

आमच्या बाईंनी मला बोलावलं. मी वाक्यं पाठ करून गेले होते. वादळ, झाड, आणि माझी काहीच चूक नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक नवा शब्द दिला, 'वेगेरिझिको'. वाटेची जोखीम. इथल्या कामगार कायद्यात घरापासून कामाच्या दारापर्यंतचा रस्ता ही कामगाराची जबाबदारी. बर्फ पडो, गाडी रद्द होवो, संप होवो. जितका वेळ काम झालं नाही तितक्या वेळाचा पगार मालकाने द्यायलाच हवा असं नाही. आधी जाहीर झालेला संप तर सबबच होत नाही, कारण तो माहीत होता. असं वारंवार झालं तर लेखी ताकीद मिळू शकते. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "झाड तू पाडलं नाहीस, ते मला कळतं. पण फोन सहा दहाला का केलास? पावणेसहाला केला असतास तर मी स्वतः आले असते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन मी नवऱ्यावर चिडले, गावावर चिडले, संगमरवरी पट्ट्यांवर चिडले. त्याच्या कामाला लवचीक वेळ. आठला जा नाहीतर नऊला जा, तास भरले की झालं. उशिराची झळ बसते ती ज्यांच्या कामाला ठरलेली वेळ आहे त्यांना, म्हणजे दवाखाना, बालवाडी, बेकरी, साफसफाई यांना. आणि मोटार परवडत नाही तेही बहुधा यांनाच. हे मला आजही खटकतं. वेगेरिझिको सगळ्यांना सारखा लागू आहे, पण वाट सगळ्यांची सारखी नाही.

रात्री बाबांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तू कितीची गाडी धरत होतीस?"

"जी वेळेत पोचवते ती."

"मग ती तुझी गाडी नव्हेच," बाबा म्हणाले. "वेळेत पोचवणारी शेवटची गाडी आपली कधीच नसते गं. तिच्या आधीची आपली. मी छत्तीस वर्षं आधीचीच धरली. लेटमार्क झाले ते आधीची चुकली तेव्हा."

बाबांना वाटेची जोखीम हा शब्द माहीत नव्हता. हिशोब मात्र पूर्ण माहीत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी आधीची गाडी धरायला लागले. त्या वेळेला गाड्या अर्ध्या तासाने होत्या, म्हणजे रोज अर्धा तास लवकर उठणं आलं. वर्षाचे कामाचे दिवस दोनशेवीस धरले तर एकशेदहा तास होतात. चौदा दिवसांची पाळी, बिनपगारी. मुलाचा डबा नवरा करायला लागला. पहिले काही आठवडे डब्यात फक्त ब्रेड असायचा, आता बऱ्यापैकी गोल पोळ्या असतात. तेवढा फायदा या हिशोबात धरायला हवा.

नवी मंडळी दरवर्षी विचारतात म्हणून बाकीची तयारीही लिहून ठेवते. घर बघताना भाडं आणि शाळा बघतो, तसं पहाटे पाचचं आणि रविवारचं वेळापत्रक बघा. दुपारचं बघून फसायला होतं. कामावरचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि शंका आली त्याच मिनिटाला लावा, गाडी नंतर आली तरी चालेल. तिसरी वाटही माहीत असू द्या. जानेवारी २०२४ मध्ये इंजिनचालकांचा संप झाला, त्यातला एक सलग काही दिवसांचा. तो आधीच जाहीर झाला होता, त्यामुळे सबब नव्हती. वरच्या मजल्यावरचे काका त्या दिवसांत मला पहाटे फायहिंगेनला सोडून मग उलटे कारखान्यात गेले. पैसे घेईनात, तेव्हा मी थालीपिठाची भाजणी दिली. काकूंनी सांगितलं, संप दर महिन्याला झाला तरी चालेल.

उन्हाळ्यासाठी सायकल आहे. ब्योब्लिंगेन-झिंडेलफिंगेनपासून श्टुटगार्टकडे जंगलातून जाणारा सुमारे आठ किलोमीटरचा जलद सायकलमार्ग २०१९ मध्ये खुला झाला. बाडेन-व्युर्टेनबेर्ग राज्यातला तो पहिलाच. माइशिंगेनहून धरून मला तासभर लागतो. मे महिन्यात पहाटे तिथे पक्ष्यांचा इतका कालवा असतो की गाडी रद्द झाल्याचं वाईट वाटत नाही. डिसेंबरात मात्र वाटतं.

आधीच्या गाडीने गेल्यावर फायहिंगेनला अर्धा तास रिकामा मिळतो. सुरुवातीला तो मला वाया गेलेला वाटायचा. मग स्टेशनाजवळच्या बेकरीत कॉफी घेऊन बसायला लागले आणि तिथली माणसं ओळखीची झाली. शाळेच्या साफसफाईच्या दोघी, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला एक, बसचा चालक. त्या चालकाला मी एकदा विचारलं, पहिली बस तुम्हीच चालवता, मग तुम्ही कामावर कसे येता? तो म्हणाला, "मोटारीने. दुसरं काय?" आम्ही दोघं हसलो. पण गावातली पहिली बस निघण्याआधी कुणीतरी कुठल्या तरी वाटेने तिच्यापर्यंत पोचलेलं असतं, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. बेकरीतली बाई तर आमच्याही आधी दोन तास आलेली असते.

प्रोबेत्साइट मार्चमध्ये संपला. नोकरी टिकली. त्या सहकारिणीशी नीट बोलणं व्हायला त्याहून जास्त वेळ लागला. दिवाळीला चकल्यांचा डबा दिला, तेव्हा तिने उघडून एक खाल्ली आणि म्हणाली, "बाकीच्या मुलाला नेते. त्याला कुरकुरीत आवडतं." त्याच्याबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

या वर्षीपासून मीही महिन्यातून काही रात्री करते. फेब्रुवारीत एका पहाटे नव्याने लागलेली मुलगी सव्वासहाला आली नाही. सहा वीस, सहा पंचवीस. मी कोट घालून काचेच्या दारापाशी उभी. घरी माझ्या मुलाची त्या दिवशी गणिताची परीक्षा, नवरा दौऱ्यावर, आणि मी सातला पोचते असं सांगितलेलं. मुलगा आता मोठा आहे, स्वतःचं स्वतः आवरतो. तरीही माझ्या पोटात काय कालवलं ते लिहिता येत नाही. दोन वर्षांपूर्वी याच दारापाशी, अशाच कोटात कोण उभं होतं ते मला तेव्हा दिसलं. माझ्या उशिराची सत्तेचाळीस मिनिटं मी टॅक्सीत काढली होती. तिने ती इथे काढली होती.

सहा अठ्ठावीसला मुलगी धापा टाकत आली. डोळ्यांत पाणी, तोंडात पाठ केलेली वाक्यं. मी म्हटलं, "आधी पाणी पी." मग खोलीवार सगळं सांगितलं. निघताना तिला विचारलं, "कितीची गाडी धरतेस?"

"जी वेळेत पोचवते ती," ती म्हणाली.

मी तिला बाबांची गोष्ट सांगितली. लेटमार्क हा शब्द तिलाही समजला नाही, पण आधीची गाडी समजली. पुढच्या आठवड्यात बेकरीत आमच्या टेबलाशी एक खुर्ची वाढली.

मुलाच्या परीक्षेला मी पोचले नाही. तो निघून गेला होता, दार नीट कुलूप लावून. टेबलावर चिठ्ठी होती, 'आई, झोप.' मी बसले, तेवढ्यात फोन वाजला. डोंबिवलीत दुपारचे बारा वाजत आले होते.

"मिळाली का गं गाडी?"

"मिळाली बाबा," मी म्हटलं. "आज दुसऱ्या कुणाची तरी चुकली होती."